अकोल्याचा डोंगर : कोणत्या ऋतूत जावे, कसे जावे

आपल्या व्यापारी घरांत सहलीचा बेत बहुधा दुकानाच्या सोयीने ठरतो. बाजार ज्या दिवशी बंद, त्या दिवशी गाडी काढावयाची. दिवाळीची गर्दी उतरली की चार दिवस मोकळे. मुलांच्या परीक्षा संपल्या की उरलेले आठ दिवस. ठिकाण नंतर ठरते, आणि त्या ठिकाणचा ऋतू कोणता, हा विचार सर्वांत शेवटी येतो. तीर्थयात्रेच्या बाबतीत आपण असे करीत नाही. तिथे तिथी पाहतो, धर्मशाळेत आधी कळवितो, चढण कोणाला झेपेल याचा अंदाज घेतो. मग डोंगराळ खेड्यांकडे जातानाच हा विवेक का सुटावा?

सेवानिवृत्तीनंतर सहकुटुंब मी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात निरनिराळ्या ऋतूंत जाऊन आलो. भंडारदरा, रतनवाडी, घाटघर, साम्रद, पाचनई, बारी ही तिथली गावे. नाशिकहून हा प्रदेश सुमारे सत्तर किलोमीटर, मुंबईहून पावणेदोनशेच्या आसपास. मुंबईकरांना इगतपुरीच्या पुढे घोटीवरून आत वळावे लागते. पुणेकर व नगरकर संगमनेर, अकोले, राजूर या मार्गाने येतात. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (1646 मीटर) येथेच आहे, हरिश्चंद्रगड आणि रतनगड येथेच आहेत, आणि प्रवरा नदीचा उगमही येथलाच. एवढे सारे एका तालुक्यात असूनही बहुतेक पाहुणे वर्षातील ठरावीक सात-आठ शनिवार-रविवारीच येथे लोटतात. त्यामुळे पाहुण्यांनाही समाधान मिळत नाही आणि गावालाही. म्हणून वर्षाचा क्रम धरून या प्रदेशाविषयी चार गोष्टी सांगाव्यात, असे वाटले.

ज्येष्ठ : काजव्यांचे दिवस

मे महिन्याचा शेवट ते पाऊस स्थिरावेपर्यंतचे दोन-तीन आठवडे हा येथील काजव्यांचा काळ. भंडारदरा ते घाटघर या पट्ट्यात हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवर अंधार पडताच लक्षावधी काजवे लुकलुकू लागतात. एक झाड उजळते, विझते, मग शेजारचे उजळते. ज्याने हे पाहिले नाही त्याला शब्दांनी सांगून उपयोग नाही.

परंतु हा प्रकाश म्हणजे आपल्यासाठी मांडलेली रोषणाई नव्हे. नर-मादीने एकमेकांना घातलेली ती साद आहे. काजव्याच्या आयुष्याचा मोठा भाग अळीच्या रूपात जमिनीवरच्या ओलाव्यात, पाल्यापाचोळ्यात जातो. पंख फुटून उडण्याचे दिवस थोडेच असतात, आणि त्याच दिवसांत पुढची पिढी जन्माला घालायची असते. अशा वेळी शेकडो मोटारींचे दिवे, भ्रमणध्वनीचे झोत आणि झाडाखालच्या गवतातून चालणारी पावले यांचा परिणाम काय होत असेल, याची कल्पना करता येईल. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे 1986 पासूनचे अभयारण्य आहे. या काळात वनखाते वाहनांवर व वेळेवर निर्बंध घालते, पण सूक्ष्म जीवाचीही जपणूक ज्यांना लहानपणापासून शिकविली जाते त्या घरांनी पहारेकऱ्याची वाट का पाहावी?

आमच्या मते नियम साधे आहेत. शनिवार-रविवार टाळावा. गाडी मुक्कामाच्या गावातच ठेवावी. गावातील वाटाड्या घ्यावा, डांबरी रस्त्यावरच उभे राहावे, झाडाखाली जाऊ नये, आणि दिवा लावू नये. डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास दहा-पंधरा मिनिटे लागतात. तेवढा धीर धरला की दिव्याची गरजच राहत नाही. या दिवसांत सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून, पाणी पिऊन, आठ वाजता निवांत बाहेर पडता येते. चौविहार पाळणाऱ्यांची या बाबतीत येथे काहीच अडचण होत नाही.

आषाढ-श्रावण : पाहुण्यांनी थांबण्याचे दिवस

घाटघर-रतनवाडीच्या बाजूला वर्षाकाठी अनेकदा पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. त्याच तालुक्याच्या पूर्व भागात मात्र त्याच्या दशांशाइतकाच. हा फरक पाहावा म्हणून, आणि धबधब्यांसाठी, जुलै-ऑगस्टमध्ये येथे झुंबड उडते. समाजमाध्यमांवरील छायाचित्रे त्यात भर घालतात.

मी या दिवसांत न जाण्याचा सल्ला देईन, आणि त्याची कारणे केवळ धार्मिक नाहीत. चातुर्मासात प्रवास कमी करावा ही आपली परंपरा. साधु-साध्वी तर विहारच थांबवितात, कारण ओल्या जमिनीवर जीवसृष्टी उगवत असते. या परंपरेचा लौकिक अर्थ डोंगरात गेल्यावर नीट कळतो. आषाढ हा येथे भाताच्या आवणीचा महिना. उन्हाळ्यात राब भाजून तयार केलेल्या वाफ्यांत वाढलेली रोपे उपटून चिखलाच्या खाचरांत लावावयाची. आठ-पंधरा दिवसांत हे उरकले नाही तर वर्षाचे धान्य हातचे जाते. घरातील म्हातारी माणसेसुद्धा पाठीवर इरले घेऊन वाकलेली असतात. नेमक्या त्याच वेळी अरुंद रस्त्यावर मोटारींच्या तीन-तीन तासांच्या रांगा लागतात. बैलजोडी पलीकडच्या शेतात नेता येत नाही, आजारी माणसाला राजूरच्या दवाखान्यात पोचविता येत नाही.

शिवाय धोका आहे. साम्रद गावाजवळची सांदण दरी ही कातळातील खोल, चिंचोळी घळ. कोरड्या दिवसांत ती चालून पाहता येते, पावसाळ्यात मात्र तिच्यातून पाणी वाहते. डोंगरावर दूर पडलेल्या सरीने ओढा केव्हा फुगेल हे खाली उभे असलेल्याला कळत नाही. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या निसरड्या होतात, धुक्यात वाट सापडत नाही. तरुण मुलांना जावयाचेच असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, गावचा वाटाड्या घेऊन, आणि त्याने ‘आज नको’ म्हटले की मुकाट्याने परतण्याच्या तयारीने जावे.

भाद्रपदाची अखेर आणि आश्विन : फुलांचे पंधरा दिवस

पर्युषण व दशलक्षण पर्व संपून अनंत चतुर्दशी होते, तोवर येथला पाऊस ओसरू लागलेला असतो. गणपतींचे विसर्जन झाल्यापासून नवरात्रापर्यंतचा काळ माझ्या दृष्टीने या प्रदेशाचा सर्वांत सुंदर काळ होय. पठारांवर सोनकीची पिवळी फुले, ओढ्याकाठी गुलाबी तेरडा, आणि उतारांवरच्या शेतांत खुरासनीचा पिवळाधमक बहर. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. ते वर्ष साधले तर डोंगराच्या बाजू जांभळ्या झालेल्या दिसतात. ओढे अजून वाहते असतात, आणि भंडारदऱ्याचे धरण भरलेले असते.

त्या धरणाविषयी थोडे. प्रवरेवरील हे दगडी धरण इंग्रजी अमदानीत बांधले गेले, 1926 मध्ये पूर्ण झाले आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्यास मिळाले. सुमारे 11 टीएमसी पाणी त्यात साठते. हे पाणी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे जाते. त्या कालव्यांवर ऊस उभा राहिला, आणि विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून 1950 च्या सुमारास लोणी येथे देशातील पहिल्यांपैकी एक सहकारी साखर कारखाना चालू झाला. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा याच गावांत कापडाचे, किराण्याचे, अडतीचे व्यापारी होते. त्या बाजारपेठांची भरभराट ज्या पाण्यावर झाली, ते पाणी या डोंगरात पडलेले. हे ध्यानात ठेवून भरलेला जलाशय पाहिला की त्याच्याकडे नुसते दृश्य म्हणून पाहता येत नाही.

वयस्क मंडळींसाठी हाच काळ उत्तम. रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन शिल्पसमृद्ध मंदिर व शेजारची पुष्करिणी येथपर्यंत गाडी जाते, चढण नाही. गुडघ्याचे दुखणे असलेल्यांनी कळसूबाईचा हट्ट धरू नये. बारी गावातून तिच्याकडे पाहणे हेही पुरेसे दर्शन आहे. नवरात्रात तिथे यात्रा भरते, तेव्हा मात्र गर्दी असते.

कार्तिक ते पौष : कापणी, थंडी आणि गप्पा

कार्तिकी पौर्णिमेनंतर वाटा कोरड्या होतात, विहार पुन्हा सुरू होतात, आणि कुटुंबाने दोन-तीन रात्री राहावे असा हंगाम येथे सुरू होतो. भात कापून खळ्यावर आलेले असते. थंडी चांगलीच असते. लोकरीचे कपडे पुरेसे न्यावेत. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. घाटघरच्या कड्यावरून किंवा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून सूर्यास्त पाहणार असाल, तर पाच वाजताच जेवण उरकून घ्यावे, किंवा कोरडा फराळ बरोबर ठेवून सूर्य असतानाच तो संपवावा.

जेवणाचा प्रश्न आपल्या घरांना नेहमी पडतो. अनुभवाने सांगतो, तो वाटतो तेवढा कठीण नाही. मुक्काम ठरवितानाच फोनवर स्पष्ट सांगावे : कांदा, लसूण, बटाटा, कंदमुळे नकोत, स्वयंपाक सूर्यास्ताच्या आत हवा, पाणी उकळलेले हवे. बरोबर आपले एक पातेले व तवा नेला तर यजमानीणबाईंनाही अवघडल्यासारखे होत नाही. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठले, कडव्या वालांची उसळ, खुरासनीची चटणी, वर लोणकढे तूप : याहून अधिक काय हवे? पहिल्या खेपेस आमच्या यजमानांच्या आईने सौभाग्यवतींना विचारले, “कांदा नाय, लसूण नाय, बटाटा नाय, मग बाई, तुमी जेवता तरी काय?” त्यावर दोघी बराच वेळ चुलीपाशी बोलत बसल्या. दुसऱ्या दिवशी आम्हांला ज्या रानभाज्यांची नावेही ठाऊक नव्हती, त्यांतील सुकवून ठेवलेली एक भाजी ताटात आली.

त्याच मुक्कामात एका संध्याकाळी शेकोटीपाशी यजमानांचे वडील माझ्याशी बोलत होते. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, महादेव कोळी समाजातील शेतकरी. मी बँकेत होतो हे कळल्यावर त्यांनी विचारले, “साहेब, तुम्ही वाणी का?” मी होय म्हटले. ते हसून म्हणाले, “आमच्या आज्याचं एक खाचर वाण्याच्या वहीत गेलं. आज्याला वाचता येत न्हवतं. अंगठा दिला आन् खाचर गेलं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, पाऊस किती पडला हे सांगावे तसे त्यांनी ते सांगितले. थोड्या वेळाने तेच म्हणाले, “पर एका सालाला दाणा न्हवता, तवा दुसऱ्या वाण्यानं उधारीवर दिला म्हून आमचा बाप जगला. त्येबी खरं.”

मी नोकरीच्या काळात ग्रामीण शाखांत पीककर्जाची शेकडो प्रकरणे हाताळली. कर्जाचा इतिहास मी पुस्तकांतूनही वाचला होता. याच अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांनी इंग्रज सत्ता व सावकारी या दोहोंविरुद्ध बंड केले. 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. पुढे 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथून उठाव सुरू झाला व नगर जिल्ह्यातही पसरला. शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. हे सारे मला ठाऊक होते. तरीही एक म्हातारा माणूस, ज्याच्या घरचे तूप आपण नुकतेच खाल्ले, तो ‘वाण्याच्या वहीत गेलं’ असे म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ निराळा लागतो. आपल्या समाजात प्रामाणिक व्यापाराची, दुष्काळात कोठारे उघडण्याची परंपरा आहे, आणि तिचा अभिमान रास्त आहे. पण दुसऱ्या बाजूची आठवणही या डोंगरांत जिवंत आहे. ती नाकारून उपयोग नाही, आणि तिच्या ओझ्याखाली दबून जाण्याचेही कारण नाही. आज आपण तिथे व्यापारी म्हणून जात नाही, पाहुणे म्हणून जातो. त्या जुन्या वहीत आज आपण कोणती नोंद करतो, एवढे आपल्या हाती आहे.

फाल्गुन-चैत्र : कोरडे दिवस

महाशिवरात्रीला रतनवाडी व हरिश्चंद्रगड येथे भाविकांची मोठी दाटी होते. त्यानंतर ऊन चढू लागते. हा सहलीचा हंगाम नव्हे. तरी ज्यांना हा प्रदेश खरोखर समजून घ्यावयाचा आहे त्यांनी एकदा तरी या दिवसांत एक दिवस जाऊन यावे. ज्या डोंगरावर पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथल्याच वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये स्त्रिया हंडा घेऊन लांबच्या झऱ्याकडे जाताना दिसतात. कातळात पाणी मुरत नाही. पडते ते वाहून जाते, आणि धरणात साठते ते खालच्या भागासाठी असते. या दिवसांत मुक्कामी राहाल तर बादलीभर पाण्यात स्नान करावे. अनेक निवासांत आता जलतरण तलाव बांधले गेले आहेत. ते पाणी कोठून येते, हे एकदा अवश्य विचारावे.

याच काळात हिरडा गोळा होतो. औषधांत, रंगांत व कातडी कमावण्यात त्याचा उपयोग असल्याने त्याला पूर्वापार बाजार आहे. करवंदे, जांभळे रस्त्याकडेला पानांच्या द्रोणांत विकावयास येतात. द्रोणभर करवंदांसाठी घासाघीस करू नये. काटेरी जाळ्यांतून ती वेचण्यास सकाळचे दोन-तीन तास गेलेले असतात.

जमाखर्च

आता सहलीचे हिशेब. आयुष्यभर आकडे तपासल्याने ही सवय जात नाही.

पहिली गोष्ट, मुक्काम शक्यतो गावातल्याच माणसाकडे करावा, आणि त्याच्याशी थेट ठरवावा. शहरातील मध्यस्थामार्फत तंबू वा खोली घेतली की दिलेल्या रकमेतील किती भाग गावात पोचतो हे विचारून पाहावे. उत्तर ऐकून बरेच काही कळेल. दुसरी गोष्ट, रोख पैसे सुट्या नोटांत न्यावेत. डोंगराआड भ्रमणध्वनीला संपर्क नसतो, तेव्हा मोबाइलवरून पैसे पाठविणे जमत नाही आणि ‘नंतर पाठवितो’ म्हटलेले पैसे बऱ्याचदा पोचत नाहीत. एटीएम राजूर वा अकोल्यातच पाहून घ्यावे. तिसरी गोष्ट, वाटाड्याचा मोबदला निघण्यापूर्वी ठरवावा आणि परतल्यावर पूर्ण द्यावा.

चौथी गोष्ट खरेदीची. येथला काळभात हा सुवासिक तांदूळ, नाचणी, वरई, खुरासनीचे तेल, हिरडा, मध (जे घेतात त्यांच्यासाठी), राजूरचे पेढे. मुख्य म्हणजे, हे शेतकऱ्याच्या दारातून घ्यावे. कोंभाळणे या गावी राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंडही न पाहता देशी वाणांच्या बियाण्यांची बँक उभी केली, आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मी ज्या बँकेत होतो तिथे ठेवीवर व्याज मिळे. या बँकेतील ठेव पेरल्यावर शंभर पटीने परत येते. देशी वाण टिकावयाचा असेल तर त्याचे धान्य खाणारे गिऱ्हाईक हवे, आणि गिऱ्हाईक जोडणे ही गोष्ट आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको. आपल्यातील धान्य-किराण्याच्या व्यापाऱ्यांनी चार गावांचा तांदूळ योग्य भावाने, पैसे हातोहात देऊन घेतला, आणि पिशवीवर गावाचे नाव छापून विकला, तर तो धंदाही होईल. मी एका नात्यातल्या तरुण दुकानदाराला हे सुचविले. त्याने पहिल्या वर्षी पाच पोती आणली. दुसऱ्या वर्षी गिऱ्हाइकेच विचारू लागली.

शेवटी एक विनंती. नवे पंचांग घरात आले की त्यातच या चार खुणा करून ठेवाव्यात : ज्येष्ठाचा एक मधला वार काजव्यांसाठी, अनंत चतुर्दशीनंतरचे दोन दिवस फुलांसाठी, कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या तीन रात्री मुक्कामासाठी, आणि चैत्रातील एक दिवस कोरडा डोंगर पाहण्यासाठी. एका वर्षात सर्व जमणार नाही. दोन-तीन वर्षांत जमवावे. मुलांना बरोबर न्यावे, आणि यजमानांच्या घरातील वडीलधाऱ्यांपाशी त्यांना थोडा वेळ बसू द्यावे. दर वेळी त्याच घरी जावे. दुसऱ्या खेपेस यजमान नावाने ओळखतात, तिसऱ्या खेपेस कांदा-लसणाचे सांगावे लागत नाही, आणि चौथ्या खेपेस निघताना पोरांच्या हाती नव्या तांदळाची पिशवी ठेवतात. तिचे पैसे मात्र द्यावयास विसरू नये. ते घेत नसतील तर पुढच्या खेपेस त्यांच्या नातवंडांसाठी वह्या-पुस्तके न्यावीत.